निम्मं परत

मास्तर, ओरडायचं काम तुम्ही सगळं स्वतःकडं ठेवलंत, हे काही बरं केलं नाहीत. ट्रान्सफॉर्मरला तार गुंडाळायला शिकवलंत, सोल्डर मारायला शिकवलंत, मीटरचा काटा वाचायला शिकवलंत, रेझिस्टन्सच्या रंगीत पट्ट्या बघून आकडा सांगायला शिकवलंत, आणि सगळं होऊन स्पीकरची पेटी, म्हणजे ॲम्प्लिफायर, तपासायची वेळ आली की माईक तुमच्या हातात. मी कुठं, तर गल्लीच्या टोकाला, एसटी स्टँडच्या भिंतीपाशी, कानावरचा पदर मागं सारून उभी. तुम्ही दुकानातून बोंब मारायची आणि मी हात वर करायचा. आवाज फाटला तर एक हात, स्वच्छ आला तर दोन. पाच वर्षं हेच. पेट्या माझ्या हातच्या, बोंब तुमची. मग एका माघात तुम्ही खोकत खोकत गेलात, दुकान आलं माझ्या गळ्यात, आणि बोंब मारणारं कुणी उरलं नाही. असं कुणी शिकवतं का? चौथी शिकलेल्या बाईला गडाच्या सगळ्या पायऱ्या चढवायच्या आणि शेवटच्या चार पायऱ्यांवर आपण बसून राहायचं. मला राग आलाय. राग आलाय असं लिहिते, पण दोन दिवस झाले, माझं कामात लक्ष नाही. काल सोल्डरगन बोटाला लागली. इतक्या वर्षांत कधी लागली नव्हती.

मंगळवारी दुपारी एक माणूस मोटारसायकलवर पेटी आणि कर्णा बांधून घेऊन आला. नदीकाठच्या एका गावचा पोलीस पाटील. पेटी मी दारातूनच ओळखली. पत्रा मी वाकवलेला, मागं तुमच्यासारखाच पांढऱ्या रंगानं नंबर टाकलेला. दोन वर्षांपूर्वी अशा सहा पेट्या केल्या, सहा गावांच्या ग्रामपंचायतींसाठी. कशासाठी, तर बिबट्यासाठी. तुम्ही होता तेव्हा बिबट्या डोंगरात असायचा. आता तो उसात राहतो. पिल्लंही तिथंच होतात. ऊसतोड सुरू झाली की मादी पिल्लं तोंडात धरून ह्या वावरातून त्या वावरात जाते. कुणाला दिसली की तो पळत येतो आणि स्पीकरवर गावाला सांगतो, अमक्या बाजूला जाऊ नका. आता पळत आलेला, भ्यालेला माणूस काय हळू बोलतो का? तो माईक तोंडात घालून ओरडतो. म्हणून त्यांना साधी पेटी चालत नाही, आपोआप आवाज सांभाळणारी तुमची ऑटोची पेटी लागते. कुजबुजलं तरी पोचलं पाहिजे, ओरडलं तरी फाटता कामा नये.

पाटलानं पेटी टेबलावर ठेवली. पाणी मागितलं आणि प्यायला नाही. म्हणाला, "बाई, हिला साधं बोललं की लई ग्वाड बोलती. वराडलं की फाटती." मी म्हणलं, फाटायला नको, ती फाटू नये म्हणूनच केलीय. मला वाटलं ग्राहक आहे, तक्रार करणारच. तर तो माझ्याकडं बघत राहिला आणि हळू म्हणाला, "मी 'नका' म्हणालो व्हतो, बाई. माझा त्यो 'नका' कुठं गेला?"

मग त्यानं सांगितलं. मागच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी त्याला ओढ्याच्या वाटेला, तोड चाललेल्या उसाच्या कडेला, मादी दिसली. तो पळत ग्रामपंचायतीत गेला आणि तीन वेळा ओरडला, ओढ्याच्या वाटेनं पोरं नेऊ नका. गावाच्या कडेला एक बाई राहते, तिची चार वर्षांची पोरगी आहे. तिला घरात ऐकू आलं ओढ्याची वाट, ऐकू आलं पोरं, आणि पुढं नुसती खरखर. त्याच आठवड्यात शाळेत पोलिओचा डोस द्यायचा होता, सगळ्यांना माहीत होतं. तिला वाटलं, डोसाचं सांगतायत. पोरं न्या, ओढ्याच्या वाटेनं न्या, बहुतेक रस्ता खणलाय. तिनं पोरीचं तोंड धुतलं, नवा फ्रॉक घातला आणि निघाली. आपली भाषाच अशी आहे मास्तर, नाही म्हणायचं ते शेवटी येतं. सगळं वाक्य ऐकलं आणि शेवटचे दोन शब्द गेले तर उलटं काम होतं. आणि माणूस ओरडतो तेही शेवटावरच.

मादीनं पोरीला खांद्याला धरलं. आईनं पाय धरले आणि सोडले नाहीत. तोडणीची माणसं कोयते घेऊन धावली तेव्हा जनावरानं सोडलं. पोरगी जगली. मानेपासून खांद्यापर्यंत टाके आहेत. पाटील म्हणाला, एकच हात वर होतोय, दुसरा होतोय का ते डॉक्टर बघू म्हणालेत. सासरचे त्या बाईला बोलतायत, कानात बोळे घातले होते का म्हणून. आणि काही लोक पाटलाला बोलतायत, तू 'नका' म्हणालाच नाहीस, तुला घाबरून शब्द फुटला नसंल. त्याला स्वतःलाच आता खात्री वाटेना. तो एवढ्या लांब पेटी घेऊन आला तो ती दुरुस्त करायला नाही. आपण 'नका' म्हणालो होतो का, हे त्याला माझ्याकडून पाहिजे होतं. ते मला त्याच्या तोंडाकडं बघून कळलं, आणि मी खाली बघून स्क्रू काढायला लागले.

तुम्ही ही पेटी पहिल्यांदा तमाशावाल्यांसाठी केलीत, ते आठवतं का? त्यांचा सोंगाड्या माईक असा तोंडात घालायचा की तुम्ही म्हणालात, ह्याला कुणीतरी सांगा रे, हे कणीस नव्हे. मग आठ दिवस तुम्ही त्या तीन पायांच्या काळ्या किड्याशी, त्या ट्रान्झिस्टरशी, भांडत होता. मी शेजारी बसून तार गुंडाळत होते. गल्लीतली सून म्हणून तुम्ही मला सूनबाईच म्हणायचा. तुम्ही मला बोलावून दाखवलंत, बघ सूनबाई, ह्याच्या ह्या एका पायाला जसा विजेचा दाब देशील तसा ह्याच्यातला अडथळा कमी-जास्त होतो. नळाची चावी समज, पण हात न लावता फिरणारी. माणूस ओरडला की पेटी आपोआप दाब बदलणार, किडा वाट मोकळी करणार, जास्तीचा आवाज जमिनीला निघून जाणार. मी म्हणलं, मग झालं की. तुम्ही म्हणालात, कुठलं झालं? हा लबाड नुसता आपलं ऐकत नाही, त्याच्यातून जाणाऱ्या आवाजाचंही ऐकतो. आवाज वर जाताना ह्याचा अडथळा एक, खाली येताना दुसरा. मग तुमच्या त्या आवाजाची लाट दाखवणाऱ्या यंत्राच्या हिरव्या काचेवर दाखवलंत. लाटेची एक बाजू गोल, दुसरी चेपलेली, हातानं दाबलेल्या भाकरीसारखी. आवाज लहान असला तर फरक लहान, कानाला कळत नाही. आवाज मोठा झाला की फरक मोठा, आणि तेच फाटणं.

आणि मग तो तोडगा. किड्याच्या वरच्या पायावर जेवढा आवाज येतो त्याचं निम्मं उचलायचं आणि दाबाच्या पायाला नेऊन द्यायचं. दोन सारख्या रेझिस्टन्सनी. तेवढं केलंत आणि हिरव्या काचेवरची लाट दोन्ही बाजूंनी सारखी झाली. मला अंगावर काटा आला होता. मी विचारलं, निम्मंच का? पाव का नाही, सगळं का नाही? तुम्ही म्हणालात, शेजारणीची वाटी भरून आली तर तू ती रिकामी परत देतेस का? मी म्हणलं, नाही, काहीतरी घालूनच देते. मग झालं तर, तुम्ही म्हणालात, निम्मं परत. कमी नाही, जास्त नाही. मी परत विचारलं, पण निम्मंच का? तर म्हणालात, चहा गार होतोय. मास्तर, वाटीचं मला कळलं. निम्म्याचं कळलं नाही. ते कळलं असतं तर पुढचं झालं नसतं, असं मी दोन दिवस स्वतःला सांगते.

ह्या दोन रेझिस्टन्स सारख्याच पाहिजेत म्हणून तुमची ती सक्ती. पिवळा, जांभळा, पिवळा. रंग बघून थांबायचं नाही, प्रत्येक मीटरला लावायची, काटा एकाच जागी येणाऱ्या दोन निवडायच्या आणि लाल दोऱ्यानं एकत्र बांधून डबीत टाकायच्या. त्याला तुम्ही जोडपं म्हणायचा. किती लग्नं लावलीस आज, असं संध्याकाळी विचारायचा. तुम्ही गेल्यावर पहिली काही वर्षं मी दोरा बांधला. मग सोडला. कंपनीचा माल आहे, रंग सारखा तर आकडा सारखा, कुठं मीटर लावत बसा. आणि ती हिरवी काच तुमचे जावई पुण्याला घेऊन गेले. त्यांचीच होती.

पाटलासमोर मी पेटी उघडली. किड्याच्या शेजारी दोन रेझिस्टन्स. एक पिवळी, जांभळी, पिवळी. दुसरी पिवळी, जांभळी, नारिंगी.

एका पट्टीचा फरक. दहा पटीनं कमी. निम्म्याच्या जागी नुसता अकरावा हिस्सा परत जात होता. पिवळा आणि नारिंगी पावसाळी उजेडात सारखेच दिसतात, असं मी मनात म्हणत होते, जसं काही कुणी मला विचारलंच होतं. साधं बोललं की पेटी गोड बोलते, कारण लहान आवाजाला सगळं चालतं. ओरडलं की फाटते. जेव्हा तिची खरी गरज तेव्हाच ती फाटते. पाटील माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, पण त्याला काय दिसणार, रंगीत मणी. विचारलं, "घावला का बिघाड?" मी म्हणलं, कर्ण्यानं लई धूळ खाल्लीय, आतला पडदा गेलाय, पेटी पण साफ करून ठेवते, शनिवारी या. तो हो म्हणाला. जाताना दारात थांबला आणि म्हणाला, "म्हंजे धूळच व्हती ना?" मी हो म्हणून मान हलवली.

तो गेल्यापासून मला भीती वाटते. एवढीशी पोरगी ती. तिच्या गावात तरी आता खोटं बोलणारी पेटी नाही. पण बाकीच्या पाच आहेत ना. त्या रेझिस्टन्स मी एकाच पाकिटातून घेतल्या होत्या, पाकिटात किती नारिंगी मिसळल्या होत्या कुणास ठाऊक. एक पेटी आणे गावाकडं पठारावर आहे, एक डिंभे धरणाच्या बाजूला, जिथं एसटी मनाला येईल तेव्हा जाते. तीन इकडं उसाच्या पट्ट्यात. आणि तोड जोरात चालू आहे. दिवसभर रस्त्यानं ऊस भरलेल्या बैलगाड्या जातायत, आणि मला प्रत्येक गाडीमागं मोकळं झालेलं वावर दिसतं आणि त्यातून निघालेली मादी. काल चारच्या सुमाराला कुठल्यातरी देवळाचा स्पीकर लागला, कुणीतरी कीर्तनाची वेळ सांगत होतं, आणि मी हातातलं काम टाकून दारात जाऊन उभी राहिले, त्याचा शेवटचा शब्द ऐकायला. शाळा सुटलेली पोरं समोरून चालली होती. मी त्यांना उगीच म्हणलं, सरळ घरी जा. ती माझ्याकडं बघून हसली.

पाच गावांत जाऊन काय सांगायचं? माझी पेटी उतरवा, ती खोटी बोलते? मग सगळे विचारणार, बाई, ती पोरगी? आणि हे बरोबरच विचारणार. आमचे हे म्हणतात, तू कुणाला काही सांगायचं नाही, दुरुस्त करायच्या निमित्तानं जायचं, गुपचूप बदलायचं आणि यायचं. त्यांना माझी काळजी आहे. पण ती बाई तिकडं बोलणी खातेय, कानात बोळे होते का म्हणून. तिचे कान चांगले होते मास्तर. तिनं ऐकलं तेवढंच पेटीनं तिला दिलं. आणि पाटील रोज स्वतःला विचारतोय, मी म्हणालो का नाही. गुपचूप बदललं तर ती दोघं तशीच राहतात.

आता वर जे लिहिलं नाही ते लिहिते. तुमच्यावर राग काढून झाला, पण तो खरा नव्हता. तुम्ही मला माईक दिला होता. तुमच्या शेवटच्या थंडीत. खोकल्यानं तुम्हाला उभं राहवत नव्हतं. म्हणालात, सूनबाई, आज तू ओरड, मी कोपऱ्यावर जाऊन ऐकतो. आणि गेलातसुद्धा, भिंतीला धरत धरत. समोरच्या चहाच्या टपरीवर मामंजी बसले होते, हातात बशी. त्यांच्याबरोबर गल्लीतली चार माणसं. सगळ्यांना माहीत होतं आता सून ओरडणार आहे, म्हणून सगळे दुकानाकडं वळून बसले. मी माईक हातात धरला. आणि म्हणलं, एक, दोन, तीन. देवासमोर म्हणावं तसं. तुम्ही कोपऱ्यावरून दोन्ही हात वर केलेत. मग हळूहळू परत आलात, माझ्या हातातून माईक घेतलात आणि म्हणालात, "ह्या आवाजानं मांजरसुद्धा उठायचं नाही." रागावला नाहीत. दम लागला होता तरी स्वतः ओरडलात आणि मला कोपऱ्यावर पाठवलंत. परत कधी सांगितलं नाहीत. आणि मला त्या दिवशी एवढं बरं वाटलं होतं.

तेव्हापासून प्रत्येक पेटी मी एक, दोन, तीन म्हणून पास केली. मामंजींना जाऊन चार वर्षं झाली. टपरीच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. आता मला बघायला तिथं कुणी बसत नाही. तरी मी एक, दोन, तीनच म्हणते. त्या सहा पेट्यांनाही तेच म्हणलं. एकदा मोठ्यानं ओरडले असते तर नारिंगी पट्टी तिथल्या तिथं बोलली असती. हिरवी काच नव्हती, दोरा सोडला होता, ते सगळं खरं, पण घसा होता की.

मी ही पेटी नीट केलीय. मीटर लावला, जोडपं निवडलं, लाल दोरा बांधून रात्रभर डबीत ठेवलं आणि सकाळी दोरा सोडून लावलं, सगळं तुमच्यासारखं. अजून ओरडले नाही. कारण ओरडायला बसले तेव्हा कळलं की ओरडणाऱ्याला स्वतःचा आवाज फाटलेला कळत नाही, तो डोक्यात घुमतो. कोपऱ्यावर कुणीतरी लागतं. म्हणून तुम्ही मला तिथं उभं करायचा; मला वाटायचं, माझी लाज राखायला. आता मी ओरडले तर ऐकणार कोण? आमचे हे टेम्पोवर असतात, आणि त्यांना सगळंच स्वच्छ ऐकू येतं, मला बरं वाटावं म्हणून. खोटं न बोलता हात वर करील असा एकच माणूस मला माहीत आहे. तो शनिवारी सकाळी पेटी न्यायला येणार आहे. पण त्याला कोपऱ्यावर उभं करायचं तर आधी सांगावं लागेल की धूळ नव्हती. तुझा 'नका' पेटीनं खाल्ला, आणि पेटी माझी. मग तो थांबेल, का मोटारसायकल काढून जाईल, का गाव घेऊन येईल, मला माहीत नाही. मला लई भीती वाटते मास्तर. आणि तो जर थांबला, भिंतीपाशी जाऊन उभा राहिला, तर मग भर गल्लीत मला ओरडावं लागेल, ह्याची त्याहून वाटते. हे लिहायला लाज वाटली, पण तसं आहे.

हे पत्र टाकायचं कुठं, तुमचा पत्ता काय. पिवळा-जांभळा-पिवळाच्या खणात ठेवते, तुम्ही आलात तर आधी तोच उघडाल. मला एवढंच विचारायचंय. शनिवारी पाटलाला सगळं सांगून कोपऱ्यावर उभं करू, का गप्प पेटी हातात देऊन पाठवू? शुक्रवारी दिवे लागायच्या आत सांगा. कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. तुमच्याकडून काही आलं नाही तर 'सांग' असंच म्हणालात, असं मी धरणार आहे. आणि ह्या वेळी चहा गार होतोय म्हणून टाळू नका.